एक बी, उजव्या बाजूला

साडूच्या आईने अंगठा दाबून पाहिला,
म्हणाली, याचे डोळे उघडलेत, आजच खाऊन टाका.
धारूरचं सीताफळ. भाऊबीजेचा दुसरा दिवस, दिवेलागण.
ओसरीवर आम्ही सहा जण, मध्ये परात,
आणि परातीचा काठ धरून उभी रुंजी,
अडीच वर्षांची, हनुवटीपर्यंत पांढरी.

बिया थुंकायला तिला मीच शिकवलं होतं.
थू म्हण. लांब. अजून लांब.
कुणीतरी काहीतरी विनोद केला.
ती हसली.
तोंडात बी असताना हसली, एवढंच झालं.

आधी खोकला आला, मग खोकलाही येईना.
ओठांवर जांभळाचा रंग चढत गेला
आणि मी, रेल्वेत अपघाताच्या कवायती घेणारा माणूस,
तिचं नाव घेत नुसता उभा.
पाणी पाजा, कुणी म्हणालं. भाताचा घास द्या.
शेजारच्या कालिंदाबाई, गावच्या आशाताई,
कणकेच्या हातानं पळत आल्या,
"काई घालू नगा तोंडात!"
लेकरू ओढून घेतलं, मांडीवर पालथं, डोकं खाली,
पाठीवर पाच थापा. मी मोजल्या.
पाचवीला आवाज आला.
रडण्याचा नाही, शिट्टीचा,
दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा.
"आत उतरली बी. श्वास चालू हाय.
अंबाजोगाई गाठा. बसू नगा आता."

जीप खाजामियांची, मागे कडब्याच्या दोन पेंढ्या तशाच.
आडसच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक,
दिवा नाही, शेपटीला लाल फडकं.
खाजामियांनी हॉर्न वाजवला नाही.
पोरगी दचकून जोरात श्वास ओढेल, म्हणाले.
नुसते दिवे मारत राहिले.
ऊर्मिलाचा कान तिच्या छातीला.
ऐकू येतंय का, मला विचारायचं होतं.
विचारलं नाही.

खिडकीतल्या मुलाने पत्ता विचारला.
भुसावळ, मी म्हणालो. क्वार्टर नंबर आठवेना.
चौदा वर्षं राहतोय त्यात.
डॉक्टर बाईंनी नळी लावली, डावीकडे, मग उजवीकडे,
उजवीकडे जास्त वेळ.
"बहुतेकदा इकडेच जातं. ही वाट सरळ असते."
मग एक कागद. भूल देताना काय काय होऊ शकतं
त्याची यादी, बारीक अक्षरात.
न वाचता सही करू नये, असं मी नव्या पोरांना सांगतो.
खाली अंगठ्याएवढी जागा होती. केली.

बाहेरच्या बाकावर वडवणीची एक म्हातारी,
नातवाला साप चावलेला, तिसरा दिवस.
तिने माझ्या पायांकडे पाहिलं.
एक चप्पल माझी, एक साडूची,
आणि दोन्ही डाव्या.
ती हसली. लगेच तोंडाला पदर लावला,
जणू दवाखान्यात हसायची फी पडते,
आणि चतकोर भाकरी पुढे केली, वर ठेचा.
मी खाल्ली.
एवढं चावून मी कधी काही खाल्लं नव्हतं.

पहाटे चारला सिस्टरनी हातात बाटली दिली,
औषधाची, रिकामी केलेली.
आत बी. काळी, तुकतुकीत, वाटली त्याहून लहान.
"ठेवा. सगळेच ठेवतात."
ठेवून काय करतात ते सांगितलं नाही.

रुंजीने आधी एक डोळा उघडला.
मग दुसरा, अर्धाच.
ऊर्मिलाने पुन्हा कान लावला, बराच वेळ,
आणि तसाच ठेवून झोपून गेली.
ओठ हलले तेव्हा मी वाकलो.
घसा पार बसला होता.
"बाबा," ती म्हणाली,
"लांब गेली?"